पारापासून विरंगुळा केंद्रापर्यंत

सोसायटीची नोंदणी कशी झाली, प्लॉटची सोडत कधी निघाली, पाण्याच्या टाकीसाठी नगरपालिकेत किती चकरा माराव्या लागल्या, हे सगळं या स्मरणिकेत इतरांनी लिहिलेलंच आहे. ज्यांनी चकरा मारल्या त्यांनीच ते लिहावं हे योग्य. संपादक मंडळाने मला “इतिहासावर काहीतरी द्या” असं सांगितलं. मी इतिहास घेतला तो एका जागेचा. म्हातारी माणसं घराबाहेर पडून बसतात कुठे, ती जागा कशी बदलत गेली आणि त्या बसण्याचा तब्येतीशी संबंध काय, एवढाच माझा विषय आहे.

हा विषय आत्ताच का? १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. कलेक्टर कचेरी आली, जिल्हा परिषद आली, एकेक खातं येत गेलं. बदलून आलेले नोकरदार, शिक्षक, बँकेतले लोक, तालुक्यांच्या गावांतून मुलांच्या शिक्षणासाठी आलेली कुटुंबं, सगळ्यांना इथे घर हवं होतं. आपल्यासारख्या सोसायट्या त्या लाटेत उभ्या राहिल्या. तेव्हा बहुतेक सभासद पस्तिशी-चाळिशीत होते. त्यात पंचवीस मिळवा. एका वयाची माणसं एका वेळी राहायला आली की ती म्हातारीही एकदमच होतात. सरकारी नोकरीत चतुर्थ श्रेणीला ६० आणि बाकीच्यांना ५८ हे निवृत्तीचं वय. म्हणजे सोसायटीची पंचविशी आणि सभासदांची निवृत्ती हातात हात घालूनच आली आहे. मुलं पुण्याला, नाशिकला, सुरतेला, काही त्याहून लांब. सकाळी अकराला कॉलनीतून एक फेरी मारून पाहा. बहुतेक गेटच्या आत एक किंवा दोन माणसं आणि चालू टीव्ही.

आपल्यापैकी बरेच जण खेड्यातून आलेले आहेत, त्यामुळे पार कोणाला समजावून सांगायला नको. वडाखाली किंवा पिंपळाखाली बांधलेला ओटा, शेजारी मारुती, समोरून शेताकडे जाणारा रस्ता. शेतातलं काम झेपेनासं झालं की म्हातारा माणूस पारावर येऊन बसायचा. जाणारा-येणारा “कसं शे, आबा?” एवढं विचारूनच पुढे जाई. नंदुरबारच्या जुन्या गावात पाराचं काम घरापुढचे ओटे करत. एका ओट्यावर अहिराणी, दुसऱ्यावर गुजराती, मध्येच मराठी, आणि बसणाऱ्यांना तिन्ही येत. १९४२ च्या ९ सप्टेंबरला शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती कसे पडले, हे या गावातल्या अनेकांनी पुस्तकात वाचण्याआधी ओट्यावर ऐकलेलं आहे, आणि ते सांगणाऱ्यांत स्वतः पाहिलेले होते. त्या वेळी दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीच्या पलीकडे गेलेला आहे. म्हणजे ते ऐकायची वेळ जवळजवळ संपली.

पाराचे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र आपण गिळून टाकतो. पार सगळ्यांचा नव्हता. कोणी कुठे बसायचं हे जातीवरून ठरलेलं असे, आणि काहींनी बसायचंच नाही हेही ठरलेलं असे. बाई तर पारावर कधीच बसली नाही. डोक्यावरचा पदर सावरून, मान खाली घालून ती पारासमोरून जायची. म्हणून जुना पार जसाच्या तसा परत आणावा असं मी म्हणणार नाही. पाराने एक काम चोख केलं, ते तेवढं उचलावं. रोजचा माणूस आज दिसला नाही, हे तिथे लगेच लक्षात यायचं.

मग आली प्लॉटची वस्ती. कंपाउंड, गेट, गेटला कडी. ओटा गेला, त्याच्या जागी पोर्च आला आणि पोर्चमध्ये गाडी आली. नियमाप्रमाणे ले-आउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. तिला आपण सगळे ‘ओपन स्पेस’च म्हणतो, मराठी शब्द कोणी वापरत नाही. नंदुरबार असो, शहादा असो की धुळे, या ओपन स्पेसची कथा साधारण एकच. आधी काटेरी बाभळी, मग बोर्ड, मग लोकवर्गणीतून दत्ताचं किंवा मारुतीचं मंदिर, मग कोणाच्या तरी निधीतून ग्रीन जिम आणि सिमेंटची दोन बाकडी, त्यावर देणाऱ्याचं नाव. त्या बाकड्यांवर सकाळी बसणारी चार-पाच माणसं हाच आपल्या कॉलनीचा पार. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की साडेआठच्या पुढे तिथे कोणी टिकत नाही.

अशी जागा मुद्दाम करावी लागते, हे जगाने फार जुन्या काळी ओळखलेलं नाही. अमेरिकेत ज्याला पहिलं ज्येष्ठांचं केंद्र मानतात ते १९४३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात सुरू झालं. त्याची गोष्ट मोठी बोलकी आहे. शहराच्या मदत खात्यातल्या कर्मचाऱ्यांच्या लक्षात आलं, की काही म्हातारी माणसं काम संपलं तरी खुर्चीवरून उठत नाहीत. अर्ज भरून झाला, चौकशी झाली, तरी बोलणं लांबवतात. काही तर काम नसतानाच येतात. अर्ज हे निमित्त होतं, माणसाला बोलायला माणूस हवा होता. खात्याने मग त्यांच्यासाठी बसायची वेगळी सोय केली आणि खात्याचे आयुक्त विल्यम हॉडसन, जे त्याच वर्षी जानेवारीत विमान अपघातात गेले, त्यांचं नाव तिला दिलं. आपल्याकडच्या तहसील कचेरीत किंवा बँकेच्या काउंटरवर काम केलेल्या कोणालाही ही गोष्ट नवी वाटणार नाही. पासबुक भरायला महिन्यातून चारदा येणारे आजोबा प्रत्येक शाखेत असतात.

पुढे १९६५ मध्ये तिथे ज्येष्ठांसाठी वेगळा कायदा झाला आणि १९७२ पासून केंद्रांमध्ये दुपारचं जेवण देण्यासाठी सरकारी पैसा मिळू लागला. एकत्र बसून जेवायचं, ही त्यातली खरी मेख. एकटं राहणारं माणूस स्वतःसाठी रांधत नाही. चहा-बिस्किटावर किंवा सकाळच्या भाकरीवर दिवस काढतं, आणि मग त्याला अशक्तपणा का आला याचं घरच्यांना नवल वाटतं. केरळात ग्रामपंचायतींनी चालवलेली ‘पकल वीडु’ म्हणजे दिवसाची घरं आहेत, त्यांच्या मुळाशी हाच विचार आहे.

फ्रान्समध्ये १९७३ साली तुलूझला ज्येष्ठांसाठी विद्यापीठ निघालं. तिथे प्राध्यापक शिकवत आणि म्हातारे ऐकत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनने ती कल्पना घेतली, पण उलटी केली. ज्याला जे येतं ते त्याने इतरांना शिकवायचं, प्राध्यापक नको आणि परीक्षाही नको. मला हा दुसरा मार्ग जास्त पटतो. निवृत्त माणसाला ऐकायला बसवणारे पुष्कळ असतात, त्याच्याकडून काही काढून घेणारे थोडे.

आपल्या महाराष्ट्रात ‘म्हाताऱ्यांसाठी संस्था’ म्हटलं की डोळ्यांपुढे वृद्धाश्रम येतो, आणि त्याला कारण आहे. पुण्यात १८६० च्या दशकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून निराधार वृद्धांसाठी जी संस्था उभी राहिली, तिला आज ‘निवारा’ म्हणतात. नावच सगळं सांगतं. १९९५ मध्ये राज्य सरकारने मातोश्री वृद्धाश्रमाची योजना आणली, तीही राहण्याचीच. २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा आला. त्यात मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो, अर्ज प्रांतसाहेबांकडे करायचा, आणि जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम असावा असंही कलम आहे. हे सगळं हवंच. पण हा कायदा ज्याला घर उरलेलं नाही त्याचा विचार करतो. घर आहे, पेन्शन आहे, सून चांगली आहे, आणि तरीही दिवस जात नाही, अशा माणसासाठी त्यात काही नाही. म्हणून कोणी ‘केंद्र’ हा शब्द काढला की आपल्याकडे माणसं दुखावतात. “आम्हाला काय घराबाहेर काढता?” असं एका काकांनी मला विचारलंच. काका, नऊला जायचं आणि साडेअकराला घरी जेवायला यायचं. एवढंच आहे ते.

ही उणीव भरून काढली ती म्हाताऱ्यांनी स्वतःच. गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ निघाले आणि १९८० साली त्यांचा राज्य महासंघ उभा राहिला. त्याला सगळे ‘फेस्कॉम’ म्हणतात. त्यांच्या मासिकाचं नाव ‘मनोहारी मनोयुवा’. नाव थोडं भरजरी आहे, पण चालायचंच. मुंबई-पुण्याकडचं हे लोण आपल्या खान्देशातही आलं, नंदुरबार-शहाद्यासारख्या गावांत संघ झाले. त्या वेळी जगातही वारं त्याच दिशेने होतं. १९८२ मध्ये व्हिएन्नात वृद्धत्वावर पहिली जागतिक परिषद भरली, १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी १ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा दिवस ठरवला, आणि १९९९ मध्ये भारताचं राष्ट्रीय धोरण आलं. राज्याचं सध्याचं धोरण २०१३ चं आहे. २०१८ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन ज्येष्ठ नागरिकाचं वय ६५ वरून ६० वर आलं. पुणे, ठाणे, पिंपरी-चिंचवड या महापालिकांनी वॉर्डावॉर्डांत विरंगुळा केंद्रं बांधली. ‘विरंगुळा’ हा शब्द मला तितकासा आवडत नाही. त्यात वेळ घालवण्याचा वास आहे. पण रुळला आहे, म्हणून मीही वापरतो.

संघांचं कौतुक करताना त्यांची खोडही सांगायला हवी. कार्यक्रमाचा निम्मा वेळ सत्कारात जातो. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, आणि सत्काराला उत्तर. पंचाहत्तरी झालेल्यांची यादी लांब असते आणि हॉल दोनच तास मिळालेला असतो. जे संघ टिकले ते सत्कारावर टिकले नाहीत. कोणी वाचनालय चालवलं, कोणी शाळेतल्या मुलांना गणित शिकवलं, कोणी वीजबिल आणि बँकेच्या कामात एकट्या राहणाऱ्यांना मदत केली.

मुंबईने या इतिहासात एक अगदी स्वतःची भर घातली आहे, तीही वैद्यकशास्त्र शिकलेल्या माणसाकडून. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत पाच माणसं घेऊन हास्य क्लब सुरू केला. सुरुवातीला गोल करून विनोद सांगायचे. दोन आठवड्यांत विनोद संपले, जे उरले ते बायकांसमोर सांगण्यासारखे नव्हते. मग त्यांनी विनोदच काढून टाकला आणि विनाकारण हसायचं ठरवलं. आज ही चळवळ जगभर गेली आहे. खोट्या हसण्याने तब्येत किती सुधारते यावर वाद घाला हवा तर. माझ्या मते त्यातला मोठा भाग हसण्याचा नाहीच. सकाळी सहाला उठून, तोंड धुऊन, बूट घालून, ठरलेल्या जागी ठरलेल्या माणसांत जाणं, हा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या अहवालात निरोगी वार्धक्याची व्याख्या करताना रोग नसणे ही अट घातलेली नाही. माणसाला ज्या गोष्टी मोलाच्या वाटतात त्या करत राहण्याची त्याची क्षमता टिकणं, म्हणजे निरोगी वार्धक्य. बीपी आहे, शुगर आहे, एका डोळ्याचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, तरी माणूस स्वतः भाजी आणतो, नातवाला बसपर्यंत सोडतो, एकादशीला प्रकाशाला जाऊन येतो, तर तो निरोगीच. ही व्याख्या धरली की केंद्राचं काम लख्ख दिसतं.

पायांपासून सुरुवात करू. साठीनंतर मांड्यांचे स्नायू आपोआप कमी होत जातात आणि बसून राहिलं की ते झपाट्याने जातात. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठता येतं का, हे घरी करून पाहा. येत नसेल तर पडण्याची भीती जवळ आली असं समजा. म्हातारपणी पडणं म्हणजे नुसतं खरचटणं नसतं. खुब्याचं हाड मोडलं की अंथरूण, अंथरुणाने छातीत कफ, पाठीला जखमा, आणि पुढचं आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या घरात पाहिलं आहे. केंद्रात जाणं म्हणजे तीनशे पावलं जाणं, तीनशे येणं, मध्ये चार वेळा उठणं-बसणं. यात व्यायाम असा शब्दही येत नाही, आणि म्हणूनच तो रोज होतो. ग्रीन जिमचं हँडल किती दिवस फिरवलं, ते ज्याचं त्याने आठवावं.

कानाची गोष्ट याहून गुपचूप घडते. ऐकू कमी यायला लागलं की माणूस बोलण्यात चुकतो, चुकला की लोक हसतात, मग तो बोलायचंच सोडतो. घरचे म्हणतात, “हल्ली बाबा विक्षिप्त झालेत.” बाबा विक्षिप्त नसतात, बाबांना कानाचं मशीन लागतं. घरात हे वर्षानुवर्षं कळत नाही, कारण घरात सगळे मोठ्याने बोलायला शिकलेले असतात. चार परक्या माणसांत ते आठवड्यात कळतं. पँट सैल व्हायला लागली, पाऊल घसटत पडायला लागलं, तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली, हेही तसंच. (तीच गोष्ट आम्ही सगळेच तिसऱ्यांदा सांगतो. पण रोजच्या वाटेवर जो चुकतो त्याच्याकडे लक्ष द्यावं.) बीपीचं म्हणाल तर एका दिवसाच्या आकड्याला फार अर्थ नसतो. त्याच मशीनवर, त्याच वेळी, आठवड्यातून एकदा मोजून वहीत लिहिलेले सहा महिन्यांचे आकडे डॉक्टरांपुढे ठेवले तर त्यांना गोळी ठरवायला मदत होते. मोठ्या तपासणी शिबिरापेक्षा ही वही मोलाची. शिबिरात आलेला माणूस औषधाची चिठ्ठी खिशात घालतो आणि ती शर्टाबरोबर धुतली जाते.

आणि एकटेपणा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात जगातल्या दर सहा माणसांमागे एक एकटेपणाने ग्रासलेला आहे असं म्हटलं आहे, आणि त्याचा संबंध हृदयविकार, पक्षाघात, स्मृतिभ्रंश यांच्याशी जोडला आहे. आपल्याला दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. सरकार वर्षातून एकदा विचारतं, आहात का? केंद्रात ते रोज कोणीतरी विचारतं.

यातले धोकेही लपवत नाही. “मला या गोळीने गुण आला, तुम्हीही घ्या” हा उद्योग चार म्हातारे जमले की हमखास सुरू होतो आणि तो सक्तीने थांबवायला हवा. राजकारणावरून भांडणं होतात. एखादा सगळा वेळ स्वतःच बोलतो. स्मृतिभ्रंश बराच पुढे गेलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाला केंद्राचा उपयोग नाही. त्याला घरात सेवा लागते आणि त्याच्या बायकोला दोन तासांची सुटी लागते.

बायको म्हटल्यावर बायकांकडे येतो, कारण या सगळ्या इतिहासात त्या मागच्या रांगेत आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं १०.३८ कोटी होती, एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के. १९६१ मध्ये हे प्रमाण ५.६ टक्के होतं. महाराष्ट्रात ते ९.९ टक्के आहे. या दहा कोटींत बाया पुरुषांपेक्षा जास्त आहेत, आणि वय वाढेल तसं त्यांत विधवांचं प्रमाण वाढत जातं. तरी कुठल्याही संघाच्या कार्यक्रमाचा फोटो पाहा. पुढे पुरुष, कडेला दोन-चार बाया, तेही पदाधिकाऱ्यांच्या घरच्या. बाई निवृत्त होत नाही, हे एक कारण. साठीला पुरुषाची नोकरी सुटते, बाईच्या हातात त्याच सुमारास नातवंडं येतात. दुसरं कारण जुनं आहे. हळदीकुंकवाला विधवेला बोलवायचं नाही, म्हणजे ज्या वयात सोबत सर्वांत जास्त हवी त्याच वयात तिचं बोलावणं बंद. भजनी मंडळाने ही फट थोडी भरली. हरिपाठाला कोणी कुंकू पाहत नाही.

आपल्या कॉलनीत श्रावणात कानबाई बसते तेव्हा कामाची खरी माणसं कोण, हे आठवा. रोटाचे गहू कसे घ्यायचे, कुठलं गाणं कधी म्हणायचं, विसर्जनाला काय काय लागतं, हे सत्तरीच्या चार आज्यांना माहीत आहे, बाकी आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहून करतो. त्या दोन दिवसांत त्यांची गुडघेदुखी कुठे जाते कोण जाणे. आखाजीची गाणी, गौराईची गाणी, सगळी अहिराणीतली, त्यांच्याच तोंडात आहेत. ब्रिटनच्या त्या विद्यापीठाची गोष्ट सांगितली ती याचसाठी. आपल्याकडे शिकवणाऱ्या तयार आहेत, वर्ग नाही.

हे सगळं शहरातलं झालं. जिल्हा म्हणून बोलायचं तर निवृत्ती हा शब्दच इथल्या बहुतेकांच्या आयुष्यात नाही. आपला जिल्हा बहुसंख्य आदिवासी. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर म्हातारा माणूस हातपाय चालतील तोवर काम करतो. तरुण माणसं ऊसतोडीला गुजरातेत गेली की घर, शेळ्या आणि नातवंडं त्याच्यावर. काठीच्या राजवाडी होळीत त्याला मान आहे, पण रोजच्या जेवणाला संजय गांधी किंवा श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये. ते काढायला तो बँकेत किंवा केंद्रावर येतो आणि आयुष्यभर काबाडकष्ट केलेल्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही. देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० मध्ये आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीला दिलं गेलं, हे विसरू नका. पैसे काढायच्या दिवशी त्या रांगेत, ओट्यावर, सावलीत बसलेली माणसं, हेच त्यांचं ज्येष्ठ नागरिक केंद्र. तिथे निदान पाणी, बसायला सतरंजी आणि फॉर्म भरून देणारा एखादा निवृत्त कारकून असायला काय हरकत आहे? कारकून आपल्या कॉलनीत रिकामे आहेत.

मार्च २०२० मध्ये पासष्टीच्या वरच्यांनी घरातच राहावं अशी सूचना निघाली. त्या वेळी ती योग्यच होती. संघ बंद झाले, बागांना कुलूप लागलं, देवळं बंद झाली. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत तेव्हा बंद झाली. १ मार्च २०२१ पासून साठीच्या वरच्यांना लस मिळू लागली, पण सवय मोडायला दोन वर्षं पुरेशी असतात. आपल्या बाकड्यावर आधी सात जण बसत. करोनात दोघं गेले. राहिलेल्या पाचांपैकी दोघं कधी परत बाहेर आलेच नाहीत. त्यांना करोना झालेला नव्हता. त्यांचं बाहेर पडणं तेवढं सुटलं होतं, आणि बाहेर पडणं सुटल्यावर पायऱ्या जड झाल्या.

आता आपल्या हॉलबद्दल. ओपन स्पेसवरचा हॉल गेल्या वर्षी पूर्ण झाला. साखरपुडे, वाढदिवस आणि दशक्रियेचं जेवण यांसाठी तो भाड्याने जावा, असा एक मतप्रवाह आहे. कोचिंग क्लासला कायमचा द्यावा असा दुसरा. उत्पन्न हवं हे मलाही मान्य आहे, देखभालीचा खर्च कोणाच्या खिशातून जातो ते ठाऊक आहे. पण कायमचा कोणालाच देऊ नये. गृहनिर्माण संस्था फक्त भिंती आणि पाणी यांसाठी असते हा गैरसमज आहे. आदर्श उपविधींमध्ये संस्थेच्या उद्देशांत सामाजिक, सांस्कृतिक आणि करमणुकीचे उपक्रम लिहिलेले आहेत, आपल्याही उपविधींत ते आहेत. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींची पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली, तेव्हापासून शेजार मिळावा म्हणूनच माणसं सहकारात आली आहेत.

माझं म्हणणं असं : सकाळी नऊ ते साडेअकरा आणि दुपारी तीन ते पाच हॉल ज्येष्ठांचा. एप्रिल-मेमध्ये सकाळची वेळ सात ते नऊ करावी. दुपार बायकांसाठी, कारण नातवंडं तेव्हा शाळेत असतात. बाकी वेळ आणि रविवार खुशाल भाड्याने द्या. खर्च फार नाही. दाराच्या दोन पायऱ्यांशेजारी उतार आणि कठडा. संडासात कमोड आणि भिंतीला धरायला दांडी. हात असलेल्या खुर्च्या, कारण प्लॅस्टिकच्या बिनहाताच्या खुर्चीवरून आमच्यातला निम्मा संघ उठू शकत नाही. दारापाशी बसवलेली चकचकीत टाइल बदलावी, पावसाळ्यात तिथे मीच दोनदा सटकता सटकता राहिलो. बीपीचं एक मशीन, एक वही. आणि दुसरी वही हजेरीची. सलग दोन दिवस कोणी आलं नाही तर तिसऱ्या दिवशी कोणी त्यांच्या घरी जायचं, ते नाव त्याच वहीत समोर लिहायचं.

राहता राहिली किल्ली. सध्या ती सेक्रेटरी साहेबांकडे असते, ते ड्युटीवर असतात आणि हॉल बंद असतो. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा आहे, तिच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा असं पत्र मी दिलं आहे. त्यात दोन किल्ल्या मागितल्या आहेत, एक सकाळच्या मंडळींसाठी, आणि दुसरी भजनी मंडळातल्या आज्यांकडे राहावी अशी.